होकार नक्की कुणी दिला?

आज मी एका मजकुराची समीक्षा करणार आहे. कादंबरी नाही, कविता नाही. तुम्ही सगळ्यांनी तो शेकडो वेळा पाहिला आहे आणि बहुतेकांनी, त्यात मीही आलोच, तो वाचलेला नाही. संगणकावर एखादा प्रोग्राम टाकताना एकामागून एक चौकटी येतात ना, नेक्स्ट, आय ॲग्री, नेक्स्ट, फिनिश? तोच हा मजकूर.

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक संगणक आहे. सेक्रेटरीकाकांना पीडीएफ फाइली एकत्र जोडायच्या होत्या, म्हणून त्यांनी एक फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला. चार दिवसांनी मला बोलावणं आलं. ब्राउझर उघडला की भलतंच पान येत होतं, जिकडेतिकडे जाहिराती. पाहिलं तर त्या एका प्रोग्रामबरोबर आणखी तीन आत शिरले होते. त्यातला एक तर संगणक नुसता चालू केला की गुपचूप बाहेरच्या कुठल्याशा सर्व्हरशी बोलायला लागायचा. काकांनी त्या कंपनीला ईमेल केला. आलेल्या उत्तराचा अर्थ एवढाच होता, की तुम्हीच होकार दिलात. काका मला म्हणाले, "अरे, चूक माझीच. मी नीट वाचायला हवं होतं."

आज मला काकांच्या या वाक्याशी भांडायचं आहे.

आधी तो मजकूर वाचू. पहिल्या चौकटीत दोन पर्याय असतात. एकापुढे लिहिलेलं असतं, 'शिफारस केलेला'. दुसऱ्यापुढे, 'फक्त जाणकारांसाठी'. आता सोसायटीचा हिशेब करणारा साधा माणूस स्वतःला जाणकार कशाला म्हणवून घेईल? तो शिफारस निवडतो. पण बरोबर येणाऱ्या पाहुण्यांची यादी असते ती जाणकारांच्या पर्यायामागे. म्हणजे माणसाच्या नम्रतेचाच फायदा घेतला जातो.

पुढच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असते. तुम्ही काहीच केलं नाही तर तो तुमचा होकार. आणि कधी 'डिक्लाइन' असं बटण येतं, पण ते अशा जागी येतं की वाटावं, हे दाबलं तर आपल्याला हवा असलेला प्रोग्रामच रद्द होईल. दुसऱ्या प्रोग्रामचा करारनामा पहिल्याच्या करारनाम्यासारखाच दिसतो, तेच अक्षर, तीच चौकट. वाचणाऱ्याला कळतच नाही की आता सही मागणारा माणूस बदलला आहे.

किराणा दुकानदाराने तुमच्या पिशवीत न मागितलेला साबण टाकला, त्याचे पैसे लावले आणि वर म्हणाला, "नको होता तर पिशवीच्या तळाशी हात घालून काढायचा होता," तर आपण त्याला काय म्हणू? तुम्ही दुर्लक्ष केलंत, असं तर नक्कीच म्हणणार नाही. मग संगणकाच्या बाबतीतच आपण स्वतःला दोष का देतो?

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. प्रोग्राम फुकट होता ना? मग बनवणाऱ्याने पोट कसं भरायचं? मान्य. जाहिरात दाखवून पैसे मिळवणं हे पाप नाही. पण मग जिथे गिऱ्हाइकाने पूर्ण पैसे मोजले आहेत, तिथे तरी हा प्रकार नसायला हवा. तो तिथेही झाला, म्हणून एक गाजलेलं प्रकरण सांगतो.

२०१४ च्या उत्तरार्धात लेनोवो कंपनीच्या काही घरगुती लॅपटॉपांवर 'सुपरफिश' या कंपनीचा 'व्हिज्युअल डिस्कव्हरी' नावाचा प्रोग्राम आधीच घालून दिलेला होता. एखाद्या वस्तूच्या चित्रावर माऊस नेला की तो तशाच वस्तूंच्या जाहिराती दाखवायचा. इथपर्यंत नुसता त्रास. पण बँकेसारख्या सुरक्षित साइटांवरही जाहिरात घुसवता यावी, म्हणून त्याने काय केलं, ते ऐका.

ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह दिसतं. त्याचा अर्थ असा की बँकेचं पाकीट मोहोरबंद आहे, वाटेत कुणी फोडलेलं नाही. हा प्रोग्राम वाटेत बसून पाकीट फोडायचा, वाचायचा आणि बँकेच्या मोहोरेऐवजी स्वतःची मोहोर लावून पुढे द्यायचा. ती मोहोर खरी वाटावी म्हणून त्याने आपलं प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या यादीत घालून ठेवलं होतं. त्यामुळे कुलूप जसंच्या तसं दिसत राहायचं.

आणि मोहोर उठवण्याची गुप्त किल्ली? सगळ्या लॅपटॉपांवर एकच! फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉबर्ट ग्रॅहॅम या सुरक्षा-संशोधकाने त्या किल्लीचा पासवर्ड शोधून काढला. तो होता 'कोमोडिया', म्हणजे ज्या कंपनीचं तंत्र यात वापरलं होतं, तिचंच नाव. याचा अर्थ असा की कॉफीच्या दुकानातल्या वायफायवर बसलेला कुणीही चोर अशा लॅपटॉपसमोर बँक बनून उभा राहू शकत होता. सुरुवातीला लेनोवोने म्हटलं की सुरक्षेच्या शंकांना पुरावा सापडलेला नाही. लवकरच भूमिका बदलली आणि तो काढून टाकण्याचं साधन कंपनीनेच दिलं.

आता होकाराकडे या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीनुसार, गिऱ्हाईक पहिल्यांदा खरेदीच्या साइटवर गेलं की एकदाच एक छोटी खिडकी यायची. नकार देण्याची लिंक सहज नजरेतून सुटेल अशी. आणि ती सापडली, दाबली, तरी जाहिराती थांबायच्या, पाकीट फोडणं चालूच राहायचं! प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी ते प्रमाणपत्र मागे उरायचं. म्हणजे इथे होकार मागितला असं म्हणणंच चूक आहे. ज्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर चालत नाही, तो प्रश्नच नव्हे.

२०१७ मध्ये कमिशन आणि ३२ राज्यांबरोबर तडजोड झाली. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत, पण राज्यांना ३५ लाख डॉलर दिले. कमिशनच्या म्हणण्यानुसार अमेरिकेत असे साडेसात लाखांहून जास्त लॅपटॉप विकले गेले होते. भागाकार करा. लॅपटॉपमागे पाच डॉलरही पडत नाहीत. ही रक्कम मला तोकडी वाटते. पण त्या तडजोडीतली एक अट मोलाची आहे: यापुढे असा प्रोग्राम चालण्याआधी गिऱ्हाइकाची स्पष्ट संमती घ्यायची. आधी चालवून मग विचारायचं नाही.

आपल्याकडे काय? २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात घुसखोर प्रोग्राम घालण्याबद्दल भरपाईची तरतूद करतं. पण 'परवानगीशिवाय' या शब्दापाशी गाडी अडते, कारण समोरचा म्हणतो, खूण केली होती की! २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा एक पाऊल पुढे जातो. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, ती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी, आणि देणं जितकं सोपं तितकंच परत घेणंही सोपं हवं. हा कायदा वैयक्तिक माहितीपुरताच आहे. पण त्याने दिलेली मोजपट्टी घेऊन काकांच्या त्या चौकटी मोजा. आधीच केलेली खूण ही काकांची कृती होती का? नव्हती. टाकायला एक क्लिक आणि काढायला माझी अख्खी संध्याकाळ, हे 'तितकंच सोपं' झालं का?

तोवर आपण काय करायचं? प्रोग्राम बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरूनच उतरवा. 'जाणकारांसाठी' हा पर्याय बिनधास्त निवडा, तिथे जाणकारी लागत नाही, फक्त खुणा काढायच्या असतात. शंका आली तर प्रोग्रामांची यादी तारखेनुसार लावा, त्या दिवशी कोण कोण आलं ते दिसेल. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स वेगळी तपासा. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये नेटवर्कचा भाग उघडला की कोण बाहेर बोलतंय ते कळतं. आणि फायरवॉल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. विंडोजचा फायरवॉल मुळात बाहेरून येणाऱ्यांना अडवतो, आतून बाहेर जाणाऱ्यांना तो, वेगळा नियम केला नाही तर, जाऊ देतो. दारावरचा वॉचमन पाहुण्यांना हटकतो, घरातून पिशवी घेऊन निघालेल्याला नाही.

पण हे उपाय सांगताना मला थोडी लाजही वाटते. कारण हे सगळं करायला सांगणं म्हणजे पुन्हा काकांवरच ओझं टाकणं. सुपरफिशची मोहोर कितीही काळजीपूर्वक वाचणाऱ्यालाही दिसली नसती. ती लपवण्यासाठीच बनवली होती.

म्हणून मी काकांना एवढंच म्हटलं, "काका, तुम्ही वाचलं नाही, हे खरं. पण तुम्ही वाचू नये अशा बेतानेच ते लिहिलं होतं."