'ऑनर्स'ची कल्पना : निवड आणि परीक्षण

'ऑनर्स' हा शब्द भारतीय विद्यापीठांच्या परिभाषेत दीर्घकाळ रूढ आहे. त्याचा अर्थ मात्र स्थिर राहिलेला नाही. कोठे तो एखाद्या विषयाच्या विशेष अभ्यासाचा वाचक आहे, कोठे परीक्षेतील वरच्या श्रेणीचा, तर अलीकडे पदवीच्या चौथ्या वर्षाचा. शब्दाची आयात झाली म्हणजे त्यामागील व्यवस्थाही त्याच्यासोबत येते, असे नाही. ही व्यवस्था मुळात कशासाठी होती, याचा शोध घेणाऱ्यास फ्रँक एडेलॉट यांचा १९४४ साली प्रसिद्ध झालेला 'ब्रेकिंग दि अकॅडेमिक लॉक स्टेप' हा ग्रंथ आजही टाळता येत नाही.

एडेलॉट हे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड येथे शिकलेले अमेरिकन. १९२१ साली ते पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष झाले. क्वेकर पंथीयांनी १८६४ साली स्थापिलेली ही संस्था अमेरिकेत 'लिबरल आर्ट्स कॉलेज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्गातील आहे. म्हणजे, केवळ व्यवसायशिक्षणापेक्षा व्यापक बौद्धिक संस्कारावर भर देणारी, मुख्यतः पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी चालणारी, आकाराने लहान. १९२२ साली तेथे ऑनर्सचा क्रम सुरू झाला. शेवटच्या दोन वर्षांत निवडक विद्यार्थ्यांनी तासिकांऐवजी लहान चर्चासत्रांत अभ्यास करावा, निबंध लिहून सहाध्यायांपुढे मांडावेत, आणि अखेरीस अन्य विद्यापीठांतून आलेल्या परीक्षकांनी त्यांची लेखी व तोंडी परीक्षा घ्यावी, असे त्याचे स्वरूप ठरले. १९९० च्या दशकात या क्रमाची पुनर्रचना झाली. परंतु बाहेरून येणारा परीक्षक कायम राहिला.

ग्रंथाचे शीर्षक एका रूपकावर उभे आहे. 'लॉक स्टेप' ही एकामागे एक अगदी लगटून, पावलाला पाऊल जुळवीत चालण्याची पद्धत. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथील तुरुंगात कैद्यांना अशा रांगेत चालविले जात असे. ठराविक तासिका, ठराविक गुणांक आणि सर्वांना एकच गती या अमेरिकन पद्धतीस एडेलॉट यांनी हे नाव दिले. रांगेमुळे सर्वाधिक हानी होते ती समर्थ विद्यार्थ्याची, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की समर्थ विद्यार्थ्यास रांगेतून वेगळे काढावे.

रूपक प्रभावी आहे, पण निष्कर्ष त्यातून निघत नाही. रांगेत चालणाऱ्यांपैकी जलद चालणाऱ्यास मोकळे केल्याने रांग मोडत नाही. ती केवळ थोडी आखूड होते. एडेलॉट यांचे समर्थन विद्यार्थ्यांच्या क्षमताभेदावर आधारलेले आहे. त्यांच्या योजनेचे बळ मात्र तिच्या रचनेत आहे. ग्रंथाच्या युक्तिवादापेक्षा स्वार्थमोरची कृती अधिक बोलकी आहे, असेच म्हणावे लागते.

सामान्य वर्गात शिक्षक हाच न्यायाधीश असतो. त्यामुळे विद्यार्थी विषयाकडे पाहण्याऐवजी शिक्षकाच्या आवडीनिवडीकडे पाहू लागतो, आणि शंका विचारणे म्हणजे अज्ञान कबूल करणे ठरते. निवाडा बाहेरच्या परीक्षकाकडे गेला की हे नाते पालटते. शिक्षक व विद्यार्थी एकाच बाजूस उभे राहतात. शंका उघड करण्यात तोटा राहत नाही, कारण ती आधीच उघड होणे दोघांच्याही हिताचे असते. शिवाय शिक्षकाच्या अध्यापनाचीही अप्रत्यक्ष परीक्षा होते. निवडीचा या परिणामाशी आवश्यक संबंध नाही. मध्यम बुद्धीच्या विद्यार्थ्यालाही तो तितकाच, कदाचित अधिक, लाभदायक ठरेल.

यावर मुंबई विद्यापीठाच्या इतिहासातून एक सबळ आक्षेप घेता येतो. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने शिकविणारी महाविद्यालये व परीक्षा घेणारे विद्यापीठ हा भेद आरंभापासूनच स्वीकारला होता. तरीही येथे मुक्त चर्चा फुलली नाही. उलट विद्यापीठाची परीक्षा हीच रांगेची दोरी ठरली. मग बाह्य परीक्षकाचे श्रेय ते काय उरले?

आक्षेप खरा आहे, परंतु त्याने सिद्धान्त खोडला जात नाही. तो पुरा होतो. स्वार्थमोर येथे चर्चासत्राची आखणी शिक्षक स्वतः करतो आणि परीक्षक त्या आखणीस अनुसरून प्रश्न काढतो. मुंबईच्या संलग्न महाविद्यालयातील शिक्षकाकडे पाठ्यक्रम वरून येत असे, प्रश्नपत्रिकाही वरून येत असे. एकाच्या हाती आरंभ होता. दुसऱ्याच्या हाती आरंभही नव्हता, शेवटही नव्हता. बाह्य परीक्षण शिक्षकाच्या स्वातंत्र्यास जोडले तर ते विद्येचे रक्षण करते. त्यावाचून ते केवळ पहारा होते.

डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रसिद्ध केलेल्या चार वर्षांच्या पदवीच्या आराखड्याकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यात संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट घातली आहे. दारावरची मोजपट्टी अशी नेमकी आहे. पण दारापलीकडे पाठ्यक्रम कोण आखील आणि निवाडा कोण देईल, हे मोजपट्टीने ठरत नाही. लहान चर्चासत्रे खर्चिक असतात, शेकडोंच्या वर्गांस ती परवडत नाहीत, हे कोणीही नाकारणार नाही. मात्र शिक्षकाने आखलेल्या एखाद्या अभ्यासपत्रिकेची परीक्षा शेजारच्या विद्यापीठातील अध्यापकाने घ्यावी, एवढ्यास श्रीमंतीची आवश्यकता नाही.

ऑनर्सच्या विचारातील अनुकरणीय भाग निवडीत नाही, विश्वासाच्या या विभागणीत आहे. एडेलॉट यांनी ती व्यवस्था उभी केली, पण समर्थन दुसऱ्याच गोष्टीचे केले. त्यांच्या अनुयायांनी समर्थन उचलले आणि व्यवस्था मागे ठेवली, तर रांग आहे तशीच चालत राहील. फक्त तिच्या पुढच्या टोकाला एक मानाचे नाव मिळेल.