‘झाझ’वर हसण्याआधी

२०१२ साली ‘इंग्लिश विंग्लिश’ आला तेव्हा मी औरंगाबादला हॉस्टेलवर होतो. पुढं कधीतरी एका मित्राच्या लॅपटॉपवर आम्ही सात-आठ जणांनी तो बघितला. सुरुवातीलाच शशी गोडबोले ‘जॅझ’ला ‘झाझ’ म्हणते आणि नवरा, मुलगी हसतात. आमची खोलीही हसली. मीसुद्धा हसलो. खरं तर तोवर तो शब्द मी एकदाही मोठ्यानं उच्चारला नव्हता. उच्चारला असता तर शशीसारखाच उच्चारला असता.

आता मी परतूरला आठवी ते दहावीच्या पोरांची इंग्रजीची शिकवणी घेतो. गेल्या वर्षी त्यांना हा सिनेमा दाखवला. वाटलं, धीर येईल. संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, ते हसले ते कळलं. पण तिचं चुकलं कुठं, ते सांगितलंच नाही की कुणी.”

दहा वर्षं हा सिनेमा मला आवडत होता. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

चुकलं कुठं ते बघू. मराठीत ‘ज’ हे एक अक्षर आहे, पण आवाज दोन. ‘जिल्हा’ म्हणा, मग ‘जास्त’ म्हणा. जीभ वेगळ्या ठिकाणी लागते. लिपी हा फरक दाखवत नाही, तरी आपण चुकत नाही. ‘च’ आणि ‘झ’चंही तसंच. इंग्रजीचा ‘झेड’ मात्र यातला कुठलाच नाही. ‘जास्त’मधल्या ‘ज’ला किंवा ‘झाड’मधल्या ‘झ’ला जीभ आधी टेकते, मग सुटते. ‘झेड’ला ती टेकतच नाही. मराठी कान हा अनोळखी आवाज ऐकतो आणि जवळच्या ओळखीच्या आवाजात बसवतो: साइझ, प्राइझ, झेरॉक्स, झू. फारसीतून ‘ज़मीन’ आली तेव्हाही आपण तेच केलं, ‘जास्त’मधला ‘ज’ लावला. तेव्हा शशीचा ‘झ’ अडाणीपणातून आलेला नाही. तो मराठीच्या सवयीतून आला आहे.

गंमत म्हणजे हा आवाज परतूरला परका नाही. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. आजही बाजारात दखनी बोलणारा माणूस ‘ज़रा’ म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडून अस्सल ‘झेड’ निघतो. माझ्या वर्गातल्या उर्दू बोलणाऱ्या घरातल्या पोरांना हा आवाज शिकवावा लागत नाही. बाकीच्यांना मी सांगतो: गळ्यावर बोट ठेवा, ‘सऽऽऽ’ म्हणत राहा, आणि जीभ न हलवता त्यातच आवाज सोडा. बोटाला थरथर लागली की झालं. पाच मिनिटांत अख्खा वर्ग भुंग्यासारखा गुणगुणतो.

पण हे मला उशिरा सुचलं. कितीतरी वर्षं मीसुद्धा बरोबर शब्द जास्त मोठ्यानं म्हणायचो आणि ‘आता म्हण’ सांगायचो. पोरगं पुन्हा तेच म्हणायचं, कारण त्याच्या कानाला दोन्ही एकच ऐकू यायचं. मग वर्ग हसायचा. मी हसू थांबवायचो, पण ते सुरू माझ्यामुळंच व्हायचं.

सिनेमाबद्दल माझा आक्षेप इथंच आहे. गौरी शिंदे यांनी अपमान फार बारकाईनं टिपलाय. मॅनहॅटनच्या कॅफेत काउंटरवरची बाई शशीला घाई करते, तो प्रसंग बघताना आजही माझ्या पोटात गोळा येतो. न्यूयॉर्कचा चार आठवड्यांचा वर्गही गोड आहे. ‘युनायटेड स्टेट्स’च्या आधी ‘द’ लागतो, मग ‘इंडिया’च्या आधी का नाही, हा शशीचा प्रश्न खऱ्या विद्यार्थ्याचा आहे. पण ज्या उच्चारावरून गोष्ट सुरू झाली, त्या उच्चाराचं काय, हे सिनेमा विसरतो. हसणं वाईट आहे एवढंच तो सांगतो. ते खरंच आहे. पण पोरांना सहानुभूतीच्या जोडीला जीभ कुठं ठेवायची हेही कळायला हवं असतं. नाहीतर लाज मनात तशीच राहते, फक्त तिच्याबद्दल वाईट वाटणारी माणसं वाढतात.

एक जागा मात्र सिनेमानं अचूक पकडली आहे. शशीला ‘आंत्रप्रनर’ हा शब्द मिळतो आणि ती तो तोंडात घोळवत रस्त्यानं चालते. उच्चार असाच शिकला जातो: एकटं असताना, पुन्हा पुन्हा, चवीनं. त्यात तो शब्द मूळचा फ्रेंच, म्हणजे इंग्रजीनंही तो उसना घेऊन आपल्या जिभेप्रमाणे वळवलेला. इंग्रजी माणूस फ्रेंच शब्द वळवतो तेव्हा कुणी हसत नाही. आपणही ‘फळ’मधला ‘फ’ हल्ली सर्रास इंग्रजी ‘एफ’सारखा उच्चारतो. त्यावर कोण हसतं? हसू एकाच दिशेनं वाहतं, आणि ती दिशा जीभ ठरवत नाही, पत ठरवते.

मग ‘झाझ’ तसंच चालू द्यायचं का? नाही. आमच्या रेल्वेमार्गावरच पुढं हैदराबाद आहे. तिथं १९५८ साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश सुरू झाली. तिथल्या आर. के. बन्सल यांनी १९६९ च्या आपल्या पुस्तकात भारतीयांचं इंग्रजी ऐकणाऱ्याला कितपत कळतं, हा प्रश्न घेतला. मला तोच प्रश्न कामाचा वाटतो. बोलणं साहेबासारखं आहे का, यापेक्षा समोरच्याला कळतं का, हे महत्त्वाचं. ‘झाझ’ कुणालाही कळतं, ते सावकाश सुधारलं तरी चालेल. शब्दातला जोर भलतीकडं पडला तर मात्र खरा घोटाळा होतो. ‘व्हेजिटेबल’ आपण चार सारखे तुकडे पाडून, शेवटी ‘टेबल’ मांडून म्हणतो. इंग्रजीत पहिल्या तुकड्यावर जोर पडतो आणि बाकीचे जवळजवळ गिळले जातात. हॉस्टेलवर माझ्या ‘व्हेजिटेबल’वर हसले, तेव्हा मी सहा महिने वर्गात इंग्रजी बोललो नाही. जोर कुठं द्यायचा, एवढं कुणी सांगितलं असतं तर सहा मिनिटं पुरली असती.

राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. आमची तुकडी त्याआधीची, त्यामुळं आम्हाला एबीसीडी पाचवीत भेटली. आज माझ्याकडं येणारी पोरं पहिलीपासून इंग्रजी वाचतात, तरी बोलायला उठताना त्यांचे कान आमच्यासारखेच लाल होतात.

शेवटी विमानात शशी नीट इंग्रजीत हिंदी वर्तमानपत्र मागते. प्रसंग सुंदर आहे. पण पुण्याची गोडबोले, आणि मराठी पेपर नाही? माझ्या वर्गानं हे लगेच पकडलं. त्या मागच्या बाकावरच्या मुलीनं ते वाक्य मराठी पेपरसाठी बदलून म्हटलं. ‘प्लीज’मधला ‘झेड’ म्हणताना तिचं बोट गळ्यावर होतं. वर्गात कुणी हसलं नाही. सगळे थरथर लागते का ते बघत होते.