माणूस कुणाचा हे आधी, बोलतो काय हे नंतर

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. कळवणला आमच्या वस्तीत, विहारात बैठक भरली होती. विषय एकच. १ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांपैकी सहा जणांनी निकाल दिला होता की अनुसूचित जातींच्या आरक्षणात सरकारला पोटवर्ग पाडता येतील. पोरं तापली होती. मीही तापलो. उठलो आणि दहा मिनिटं बोललो. कारस्थान म्हणालो, फूट म्हणालो, टेबलावर मूठ आपटली. टाळ्या पडल्या. मी कविता करतो, त्यामुळे टाळी कुठल्या शब्दाला पडते ते मला बरोबर कळतं.

सोमवारी पाळीवर गेलो. सूतगिरणीत माझ्या शेजारच्या फ्रेमवर एक मातंग दोस्त आहे. चार वर्षं झाली, आमचा डबा एकत्र. त्यानं भाकरी मोडली आणि विचारलं, "लई बोललास म्हणं परवा. निकाल वाचला का रे?"

मी गप्प. निकाल पाचशे पानांच्या वर आहे. मी वाचले होते मोबाईलवर आलेले चार मेसेज, तेही आपल्याच लोकांचे.

"तू तरी वाचला का?" मी उलटं विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "आमच्या बैठकीत पेढे वाटले. मी खाल्ला."

दोघंही हसलो. पण हसू घशात अडकलं. त्या दिवशी डब्यावर पुढं काही बोलणं झालं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा.

घरी येऊन मी बाबासाहेबांचं 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' काढलं. मराठी प्रत आहे माझ्याकडे, कव्हर गेलेली. हा लेख त्या पुस्तकावर आहे. आणि त्या पेढ्यावर, माझ्या टाळ्यांवरही आहे.

शहाणी मंडळी हल्ली सांगतात की जगभर लोकांचा तज्ज्ञांवरचा विश्वास उडालाय, लोक टोळ्या करून विचार करतात. अमेरिकेत कोरोनाच्या काळात तोंडाला फडकं बांधायचं की नाही, हेसुद्धा माणूस कुठल्या पक्षाचा यावर ठरत होतं. ते ऐकून मला नवल वाटत नाही. आपल्या देशात विश्वास उडायला तो बसला होता कधी? आणि 'टोळी' हा शब्द मी वापरणार नाही. आमच्या तालुक्यात कोकणा, भिल्ल भावंडं राहतात. शिकलेल्यांच्या खोडीला त्यांचं नाव कशाला? मी कळप म्हणतो.

हे पुस्तक जन्मालाच आलं ते या दुखण्यातून. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना आपल्या अधिवेशनाचं अध्यक्षपद देऊ केलं. भाषण तयार झालं आणि मंडळाची गाळण उडाली. हे गाळा, ते बदला. बाबासाहेब स्वल्पविरामही हलवायला तयार झाले नाहीत. अधिवेशन बारगळलं. १९३६ ला त्यांनी ते भाषण स्वतःच पुस्तक करून छापलं. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं, तेव्हा आठ आणे किंमत जास्त झाली, अशीही तक्रार केली.

पण मला थांबवलं ते पुस्तकाच्या सुरुवातीनं. बाबासाहेब मंडळाला म्हणतात, तुम्ही माझी निवड केलीत खरी, पण याचा जाब तुम्हाला द्यावा लागेल. शास्त्राप्रमाणे गुरू ब्राह्मणच असला पाहिजे. मग ते रामदासांच्या दासबोधाचा दाखला देतात. अंत्यज पंडित असला तर त्याला गुरू करावं का? रामदासांचं उत्तर, नाही.

इथं नीट थांबा, दोस्तहो. तो अडाणी आहे म्हणून नको, असं रामदास म्हणत नाहीत. तो पंडित आहे हे धरूनच चाललेत. विद्या आहे, पुढ्यात दिसतेय, तरी नको. म्हणजे ज्ञान खरं की खोटं, हा प्रश्नच नव्हता. ते कुणाच्या तोंडातून येतं, एवढाच प्रश्न होता.

पुढं बाबासाहेब दाखवतात की जातीनं हिंदूंची नीतीच कशी कुंपणात कोंडली. गुणाची कदर करायची ती जातवाल्याच्या. दया दाखवायची ती जातवाल्याला. पुढारी मानायचा तो जातीतला, मग तो चुकीचा का असेना. त्याहून पुढं ते बुद्धिवंत वर्गाकडे वळतात. सामान्य माणूस बहुतेक वेळा स्वतः विचार करत नाही, वरच्याकडं बघून चालतो. म्हणून हा वरचा वर्ग प्रामाणिक असला तर देश तरतो, नाही तर बुडतो. आणि या देशात तो वर्ग म्हणजे एकच जात होऊन बसली, ही त्यांची खंत. ज्याचं हित व्यवस्था टिकण्यात, तोच व्यवस्थेचा वैद्य.

हे फक्त पोथीपुरतं नव्हतं. गिरणीत या. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या लोकांना मागखात्यात घेत नसत. का? धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागायचं, अस्पृश्याचं तोंड लागलेलं धोटं सवर्ण विणकराला चालत नव्हतं. मागखात्यात मजुरी चांगली, तिथं बंदी. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं उघडपणे मांडला. म्हणजे आधी हुन्नर शिकू द्यायचा नाही, मग म्हणायचं यांच्यात हुन्नर नाही. तज्ज्ञ होण्याची वाट अडवायची आणि वर तज्ज्ञाचं ऐका म्हणून सांगायचं. आपल्या लोकांना साहेब, डॉक्टर, मास्तर यांच्या शब्दाचा संशय येतो तो काही वेडेपणा नाही. पिढ्यानपिढ्यांचा हिशेब आहे तो.

इथपर्यंत वाचलं की आपल्याला बरं वाटतं. शत्रूवरचं पुस्तक आहे ना. पण त्या रात्री मी ते आपल्यावर धरून वाचलं आणि माझी झोप गेली.

पोटवर्गाच्या निकालात सहांपैकी एक होते न्यायमूर्ती भूषण गवई. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या ग्रुपवर त्यांना काय काय म्हटलं गेलं ते इथं लिहीत नाही. १४ मे २०२५ ला ते सरन्यायाधीश झाले तेव्हा त्याच ग्रुपवर निळे झेंडे आले. आपला माणूस! मधे नऊ महिने गेले. त्या नऊ महिन्यांत त्यांनी निकालपत्रात काय कारणं दिली हे उघडून पाहणारा एकही नाही. गद्दार म्हणताना नाही आणि भूषण म्हणतानाही नाही. रामदासांनी अंत्यज पंडिताला एका वाक्यात बाहेर ठेवलं. आपण आपल्याच पंडिताला एका मेसेजमध्ये बाहेर काढलं, दुसऱ्या मेसेजमध्ये आत घेतलं. दोन्ही वेळा त्याची विद्या दारातच उभी.

खुद्द बाबासाहेबांचं आपण काय केलं? रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच काढली, असं छाती ठोकून सांगणारे शंभर भेटतील. १९२३ ला लंडनमध्ये निघालेलं त्यांचं रुपयाच्या प्रश्नावरचं पुस्तक उघडलेला एक दाखवा. त्या पुस्तकात ते केन्ससारख्या जगद्विख्यात अर्थशास्त्र्याच्या मताला भिडतात. सोन्याशी निव्वळ हुंडणावळीनं बांधलेला रुपया सरकारच्या लहरीवर जातो आणि महागाईचा मार गरिबाला बसतो, असं हिशेबानं दाखवतात. १९२५ च्या डिसेंबरात ते हिल्टन यंग आयोगापुढं साक्ष देतात. आयोग १९२६ ला मध्यवर्ती बँकेची शिफारस करतो, १९३४ ला कायदा होतो, १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू होते. ही खरी हकीकत काय कमी मोठी आहे? तिला फुगवायची गरज का पडावी? कारण आपल्याला त्यांचा विचार नको, त्यांचा विजय पाहिजे. सवर्णांनी त्यांना दलितांचे पुढारी म्हणून एका चौकटीत ठेवलं आणि त्यांचं अर्थशास्त्र झाकलं. आपण त्याच चौकटीला हार घातला. ते आयुष्यभर सांगत राहिले की विभूतिपूजा नको. १९४३ ला पुण्यात रानड्यांवरच्या भाषणात सांगितलं, २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत पुन्हा सांगितलं. आपण त्या भाषणांचीही पूजा केली.

कळप जिंकतो कुठं, हे मला गिरणीत कळलं. आमच्या खात्यात फिटर आला की त्याची जात, त्याची युनियन कुणी काढत नाही, असं मी म्हणालो तर ते खोटं होईल. चहाला बसले की काढतात. पण फ्रेम बंद पडली की कुणी काढत नाही. सूत तुटतंय ते सगळ्यांना दिसतं आणि पगार सगळ्यांचा कापला जातो. कोर्टाचा निकाल, औषधाचा गुण, बजेटचा आकडा यांचं तुटलेलं सूत लगेच दिसत नाही. वर्षं जातात. तेवढ्या वेळात कळप आपला निवाडा देऊन मोकळा होतो.

आता पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार. बाबासाहेबांवर तक्रार कसली, असं म्हणू नका. शास्त्रंसुद्धा विवेकावर आणि नीतीवर घासून घ्या, असं त्यांनीच या पुस्तकात शिकवलंय. तथागतानं कालामांना तेच सांगितलं. परंपरा आहे म्हणून नको, गुरू म्हणतो म्हणूनही नको. पटलं तर घ्या. ठीक. पण ज्याला वाचता येत नाही त्यानं काय घासायचं? माझ्या आजीनं काय घासायचं? तिला कुणावर तरी भरवसा टाकावाच लागतो. तो कुणावर टाकावा, याचं उत्तर मला या पुस्तकात मिळालं नाही.

मिळालं ते घरात. एप्रिल २०२१. लस आली होती. वस्तीत बोलवा होती की सुई घेतली की माणूस दोन वर्षांत जातो. एका पोरानं सांगितलं, ही सरकारी पक्षाची लस आहे, घेऊ नका. दुसरा म्हणाला, न घेणारे देशद्रोही. दोघांनाही लसीतलं ओ का ठो कळत नव्हतं. मी आजीला समजवायला गेलो तर म्हणाली, "तू काय डॉक्टर हाईस?" मग वस्तीतली आशाताई आली. तिनं भाषण केलं नाही. आपल्या दंडाला टोचलेली जागा दाखवली, ताप किती दिवस आला ते खरं सांगितलं. लॉकडाऊनमध्ये आजीच्या बीपीच्या गोळ्या हीच आणून देत होती. आजी उठली, पदर खोचला आणि तिच्या मागं चालायला लागली.

मला १८९७ आठवलं. पुण्यात प्लेग होता. रँडच्या कमिटीचे सोजीर घराघरांत घुसत होते, माणसं ओढून नेत होते. त्यांच्या हातात सत्ता होती आणि त्या वेळचं शास्त्रही होतं. लोकांनी दारं लावली, रोगी लपवले, शेवटी २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच पुण्यात हडपसरच्या बाजूला सावित्रीबाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी दवाखाना मांडला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर सावित्रीमाईनं पाठीवर घेऊन आणलं. त्यातच प्लेग होऊन १० मार्चला त्या गेल्या. शास्त्र दोन्हीकडं होतं. पाठ एकीकडंच होती.

त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत हाफकिननं आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढं १९०२ ला पंजाबात मुलकोवाल गावी ती लस टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. हाफकिनवर ठपका आला. बरीच वर्षं वाद चालला, तज्ज्ञांनीच एकमेकांचे कागद तपासले आणि १९०७ ला तो दोषातून सुटला. तज्ज्ञ चुकत नाही म्हणून त्याचं ऐकायचं असं नाही. त्याची चूक उघड्यावर मोजता येते म्हणून ऐकायचं. पुढाऱ्याच्या चुकीची अशी मोजणी कधी झालीय?

तेव्हा कार्यकर्त्यांनो, आपलं काम मला असं दिसतं. आपण आजीच्या आणि कागदाच्या मधे उभे आहोत. तिला वाचता येत नाही, आपल्याला येतं. आपण न वाचता टाळ्या घेतल्या तर आपण नवे भट झालो. मंत्र आपला, अर्थ कुणालाच ठाऊक नाही, दक्षिणा म्हणून टाळ्या.

मी आणि माझा दोस्त आता सुट्टीच्या दिवशी निकाल घेऊन बसतो. इंग्रजी अडलं की त्याचा भाचा सांगतो, तो कॉलेजात आहे. महिन्याला थोडीच पानं होतात. निकालात म्हटलंय की पोटवर्ग करायचे तर सरकारनं कुठल्या जातीला किती कमी मिळालं याचे आकडे दाखवले पाहिजेत. आम्ही दोघांनी विचारलं, मग कुठायत आकडे? कुठल्या जातीचे किती शिपाई, किती मास्तर, किती साहेब? हा प्रश्न ना माझ्या बैठकीत आला होता, ना त्याच्या. माझा अजून विरोध आहे. तो अजून बाजूचा आहे. कधीकधी आवाज चढतो, शेजारची माणसं वळून बघतात.

पण आता भांडताना बोट एकमेकांच्या छातीवर नसतं, पानावर असतं. आणि डबा पुन्हा एकत्र आहे.

जय भीम.

कळवण, जि. नाशिक