रहस्यकादंबरीचा शेवट : कल्याण-डोंबिवली-ठाण्याच्या वाचकाच्या कसोटीवर

रहस्यकादंबरीच्या शेवटाकडे वाचक दोन मागण्या घेऊन येतो. उलगडा अनपेक्षित हवा, आणि तो झाल्यावर ‘हे आपल्याला आधीच सुचायला हवं होतं’ अशी चुटपुटही लागायला हवी. पहिली मागणी पुरवणे सोपे आहे. शेवटच्या प्रकरणात एखादा नवा माणूस किंवा जुळा भाऊ आणून उभा केला की धक्का बसतोच. दुसरीसाठी लेखकाला पहिल्या पानापासून राबावे लागते. मराठी रहस्यकादंबरीने पहिली मागणी भरभरून पुरवली, दुसरी क्वचितच.

हे पारखणारा वाचकवर्ग ठाणे ते कल्याण या पट्ट्यात जुना आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. पुढे डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीसारख्या खासगी वाचनालयांनी वर्गणीदारांना नव्या पुस्तकांची चटक लावली. नोकरदार मुंबईला लोकलने जाणार, बसायला जागा मिळालीच तर पुस्तक उघडणार आणि स्टेशन आले की मिटणार. अशा तुकड्यातुकड्यांच्या वाचनात धागा हातात राहायचा, तर प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ओढ हवी. ती ओढ लावण्यात आपले लेखक तरबेज झाले. वाचनालयांतल्या प्रतींवर या वाचकांची समीक्षाही सापडते: मलपृष्ठाच्या आत पेन्सिलीने ‘शेवट गंडला’, ‘वाचू नये’ असे शेरे. एखादा खवचट वर्गणीदार खुन्याचे नाव पहिल्या प्रकरणातच अधोरेखित करून ठेवतो. छापील परीक्षणांत रहस्यकथेला जागा मिळाली नाही, तिथे या शेऱ्यांनीच समीक्षेचे काम केले.

बाबुराव अर्नाळकरांना (१९०६-१९९६) मात्र ही कसोटी सरळ लावणे अन्यायाचे ठरेल. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांकडून वाचकाला कोडे सोडवून नकोच होते. नायक सुटणार, दुष्टाला शासन होणार, हे आधीच ठाऊक असे. उत्सुकता होती ती कसा सुटणार याची. तिथेच गडबड होई. पुस्तक ठरावीक फर्म्यांत बसवायचे आणि पुढचे लगेच हातात घ्यायचे, अशा घाईत सगळे पेच शेवटच्या काही पानांत एकदम सोडवले जात: पोलीस वेळेवर पोहोचतात, गुन्हेगार बसल्या जागी लांबलचक कबुली देतो, कथा संपते. कबुलीने उलगडणारे रहस्य वाचकाला चोरलेल्या उत्तरपत्रिकेसारखे वाटते. गुण मिळतात, मजा जाते. गुरुनाथ नाईकांच्या विपुल लेखनातही या वेगाची किंमत शेवटालाच मोजावी लागली.

सुहास शिरवळकरांनी (१९४८-२००३) यातून एक चांगली वाट काढली. त्यांचा अमर विश्वास हा फौजदारी वकील. कोर्टात पुरावा सर्वांसमक्ष मांडावा लागतो, साक्षीदाराला उलटतपासणीत पकडावे लागते. त्यामुळे नायकाला काही दडवून ठेवणे अवघड होते आणि वाचकही त्याच्याबरोबर विचार करू लागतो. त्यांच्याच दारा बुलंद या नायकाच्या कथांत हे बंधन नाही, तिथे शेवट हाणामारी ठरवते. एकाच लेखकाकडे दोन्ही तऱ्हा असल्याने फरक स्वच्छ दिसतो: नायक बदलला की शेवटाचा प्रामाणिकपणाही बदलतो.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्याकडे वेगळा हिशेब लागतो. अलौकिक शक्ती मान्य केली की तर्काचा उलगडा मागता येत नाही; मागायचे ते एवढेच की लेखकाने त्या शक्तीला घातलेले नियम शेवटी त्याने स्वतःच मोडू नयेत. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून बेतलेली धारपांची ‘लुचाई’ वाचताना हाच प्रश्न सतत मनात असतो. मतकरींच्या गूढकथेत उलगडा पुष्कळदा अर्धाच होतो. कथा आटोपशीर असल्याने ते खपते. तीनशे पानांच्या कादंबरीने तसे केले तर वर्गणीदार पुस्तक परत करताना नक्की बोलून दाखवेल.

इंग्रजीत रोनाल्ड नॉक्सने १९२९ साली रहस्यलेखकांसाठी दहा नियम घातले: गुन्हेगार कथेत लवकर यावा, गुप्त वाटा एकाहून जास्त नसाव्यात, पूर्वतयारीशिवाय जुळे भाऊ आणू नयेत. थोडी थट्टाच होती, पण त्यामागे ॲगाथा ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ (१९२६) या कादंबरीच्या शेवटाने पेटलेला खराखुरा वाद होता. ख्रिस्तीने वाचकाला फसवले, असा आक्षेप आला. पुस्तक पुन्हा वाचले तर मात्र दिलेले प्रत्येक वाक्य अक्षरशः खरे निघते. मराठीत ख्रिस्तीच्या कादंबऱ्या मधुकर तोरडमल यांनी, तर सत्यजित राय यांच्या फेलुदा-कथा अशोक जैन यांनी आणल्या. या अनुवादांनी मराठी वाचकाच्या अपेक्षा वाढवल्या, आणि स्वतंत्र लेखन मात्र त्या मानाने मागे राहिले.

दिवाळी अंकांत, विशेषतः ‘धनंजय’ आणि ‘नवल’मध्ये, रहस्यकथेला अजून हक्काची जागा आहे. पण तिथेही पानांची मर्यादा शेवटाला चेपते. हल्ली कानाने ऐकायच्या पुस्तकांमुळे आणखी एक अडचण आली आहे. लोकलमध्ये कानात वायर घालून बसलेल्या श्रोत्याला मागचे पान उलटून पाहता येत नाही. मग लेखक एक तर खूण दोनदा सांगतो, आणि गुन्हेगार अर्ध्यातच ओळखू येतो. नाही तर खूण सांगायचीच टाळतो आणि शेवटी नुसता धक्का देतो. दुसरा मार्ग कमी मेहनतीचा असल्याने तोच जास्त वापरला जातो.