फ्लॅप खुर्ची आणि आपली बैठक

सुधीर राजभरच्या 'फ्लॅप' खुर्चीबद्दल लिहायचं तर आधी खुर्चीबद्दलच बोलावं लागेल. गावात पाटील समोरून आला की आमचा आजा बाजेवरून उठायचा. आजही दलित सरपंच बाईला खाली बसवून खुर्ची रिकामी ठेवल्याच्या बातम्या येतात. तेव्हा खुर्ची म्हंजे आपल्यासाठी नुसतं सामान नाही.

यंदा 31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, जिथं 1937 साली बाबासाहेब मुक्कामी होते तिथं, धुळ्या-जळगावची आपली पोरं जमली होती. एकानं मोबाइलवर फोटो दाखवला. डिसेंबर 2024, अमेरिकेतलं मायामी, डिझाइनचं बडं प्रदर्शन. 'चमार स्टुडिओ'च्या खुर्चीत रिहाना बसलेली, जगभर गाजलेली गायिका. निम्म्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. निम्मी भडकली, हा जातीचं नाव विकतो म्हणून. मी दोघांशीही भांडलो. तेच इथं लिहितो.

मार्च 2015 मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आली आणि धारावीतल्या चामड्याच्या कारागिरांचं काम आटलं. राजभर मुंबईत वाढलेला, चित्रकला शिकलेला. तो या कारागिरांकडे गेला आणि चामड्याच्या जागी टाकाऊ रबरापासून केलेली शीट आणली. आधी बॅगा केल्या, मग खुर्च्या.

मला यात मोल वाटतं ते असं: कातडं गेलं, कसब राहिलं. 1927 ला महाडात बाबासाहेबांनी मेलेलं ढोर टाकून द्यायला सांगितलं. 2016 ला गुजरातेत उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या भावांना चाबकानं, काठ्यांनी फोडलं, तेव्हा तिथल्या लोकांनी ढोरं उचलायचंच बंद केलं. नकार बरोबरच होता. पण ढोराबरोबर हातातली विद्याही फेकायची का, हा सवाल राहिलाच होता. ही खुर्ची म्हणते, नाही फेकायची. शिवाय चांभाराचं काम कायम दुसऱ्याच्या पायापाशी. इथं ते पायावरून वर आलं. एवढं श्रेय राजभरला द्यायलाच पाहिजे, कंजुषी नको.

आता भांडण. गुळगुळीत कागदावरचे लेखक अशा वस्तूंना 'पारंपरिक कारागिरी' म्हणतात. कसली परंपरा भो? खानदेशातल्या विहिरींवर मोट चालायची, ती चांभारानं शिवलेली. मोबदला काय, तर सुगीला खळ्यावर पसा पसरून मिळेल तेवढं धान्य. विजेचा पंप आला, मोट गेली, तेव्हा परंपरा मेली म्हणून कुणी रडलं नाही. जून 2025 मध्ये मिलानला प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तेव्हा मात्र सगळ्यांना एकदम वारसा आठवला. 2019 ला मिळालेलं भौगोलिक मानांकनही तेव्हाच आठवलं. आमच्यावर लादलेली वेठ दुकानाच्या काचेआड गेली की वारसा होते, च्यायला!

नावाचंही तसंच. अपमान करायला 'चमार' म्हणणं हा गुन्हा आहे, असं सुप्रीम कोर्टानं 2008 साली सांगितलं. तोच शब्द राजभरनं छाती काढून पाटीवर लिहिला. तो स्वतः भर समाजाचा. गावाकडे 'भर' आणि 'चमार' दोन्ही शिवीसारखे फेकतात, हे त्यानं सांगितलंय. हिंमत आहे. पण शब्द मायामीत धुतला गेला म्हणून इथं धुतला जात नाही. मी ज्या डाळमिलमध्ये पोती उचलतो तिथला मुकादम अजून आडनाव विचारून मगच माठाकडे बोट दाखवतो.

आणि मुख्य गोष्ट. जात नुसती कामं वाटत नाही, माणसंच वरखाली रचते, हे बाबासाहेबांनी 1936 लाच दाखवलं. म्हणून खुर्चीची किंमत किती, हा माझा पहिला सवाल नाही. कागदावर रेघ कोण ओढतो आणि आरी कोण धरतो? आज रेघ राजभरची आहे, आरी कारागिराची. दाम चांगला मिळूनही चांभाराच्या पोराच्या हाती आरीच राहिली, तर खुर्ची नवी आणि रचना जुनीच.

पुढल्या अंकासाठी कुणीतरी मुंबईचं तिकीट काढा. धारावीत शिवणाऱ्यांनाच विचारून लिहा: पोरगं काय शिकतं, खुर्चीचा आकार ठरवताना तुमचं कुणी ऐकलं का, आणि घरी बसायला काय आहे?