हार्डिन यांचा मुका गुराखी

गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ सालच्या ‘सामाईकाची शोकांतिका’ या निबंधांतील गुराखी आम्हांस मुका वाटतो. तो एकेक जनावर वाढवितो, कुरण उजाड होतें. पण शेजाऱ्याशीं तो अवाक्षर बोलत नाहीं.

मोरोक्कोच्या अ‍ॅटलास पर्वतांतील फिरते मेंढपाळ मात्र बोलतात. उकाइमेदेनचें सामाईक कुरण परंपरेनें १५ मार्च ते १० ऑगस्ट बंद. गवतानें बीं धरल्यावरच सर्वांचे कळप वर चढतात.

परस्परसंमत सक्ती हा उपाय हार्डिन स्वतःच सुचवितात. तो गुराख्यांसही सुचला असेल, हें त्यांच्या मनांत आलें नाहीं. ‘व्यवस्थाहीन सामाईक’ म्हणावयास हवें होतें, असें त्यांनीं १९९८ सालीं कबूल केलें. तोंवर सामाईक म्हणजे नाश, हा समज रूढ झाला होता. गळलेल्या विशेषणाची किंमत कुरणवाल्यांनीं भरावी, हा न्याय नव्हे.