ग्रंथविक्रेत्याच्या दारी लेखकाची बैठक

आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत यंदा पुस्तकांचे एक नवे दुकान उघडले आहे. पुस्तकांची दुकाने मिटल्याच्या वार्ताच ज्यांच्या कानी पडत आल्या, त्यांना ही वार्ता शुभशकुनासारखी वाटावी यात नवल नाही. दुकानाचे मालक तरुण आहेत, सुशिक्षित आहेत. दर्शनी भागात काचेलगत चार मेजे मांडून, लेखकांनी तेथे येऊन लिहीत बसावे, असे आवाहन त्यांनी केले आहे. मेजाचे भाडे नाही. कॉफी तेवढी विकत घ्यावी लागते. या आवाहनाचा विचार करण्यासाठी आमच्या परिसरातील मराठी व कोंकणी लिहिणारी मंडळी एका रविवारी देवळाच्या अग्रशाळेत जमली होती. जावे म्हणणारे व जाऊ नये म्हणणारे असे दोन तट तत्काळ पडले. आम्ही कोणत्याच तटात बोललो नाही, यावरून आमचे मत समतोल असावे असा मंडळींनी समज करून घेतला आणि प्रत्यक्ष पाहून अभिप्राय लिहिण्याचे काम आमच्या गळ्यात पडले.

वास्तविक आमचे मत समतोल मुळीच नव्हते. लेखन ही चारचौघांत मांडी ठोकून करण्याची गोष्ट नव्हे, अशी आमची जुनी समजूत आहे. काचेआड बसून लिहिणारा लेखक आणि काचेआड बसून जिलेबी पाडणारा आचारी यांत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दृष्टीने, फरक काय? आचाऱ्याची जिलेबी निदान लगेच खाता येते.

जाऊ नये म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की, आपल्या भाषेतील मोठे ग्रंथ देवळात झाले, दुकानात नव्हे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवासे येथे सांगितली गेली व सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली; ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसले तो खांब आजही भाविक दाखवितात. श्रीधरांनी शिवलीलामृत शके १६४० मध्ये बारामतीस पुरे केले, आणि ग्रंथाच्या अखेरच्या अध्यायात नदीसह गावाची नोंद केली. आमच्याकडील हे जुने ग्रंथकार आपण कोठे बसून लिहिले ते ग्रंथातच सांगतात, हे खरे. तथापि या दाखल्यांतून जो निष्कर्ष काढला गेला तो आम्हांस पटला नाही. केळोशीच्या कृष्णदास शामांनी शके १४४८ मध्ये, म्हणजे इसवी सन १५२६ साली, श्रीकृष्णचरित्रकथा रचावयास घेतली. त्याच शतकात साष्टीतील देवळे पडली. केळोशीची श्रीशांतादुर्गा अंत्रुजात कवळ्यास आली. आणि कृष्णदासांचा ग्रंथ? मिशनऱ्यांनी उतरवून घेतलेल्या हस्तलिखितांच्या आश्रयाने तो पोर्तुगालातील ब्राग शहराच्या ग्रंथालयात जाऊन राहिला व विसाव्या शतकात पुन्हा आपल्या लोकांच्या दृष्टीस पडला. देऊळ हलले, गाव पारखे झाले, ग्रंथ मात्र राहिला. आणि तो राहिला याचे कारण तो कोठे लिहिला गेला हे नसून, कोणी तरी तो उतरून घेऊन फळीवर ठेवला हे आहे. फळीचा हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. आम्हांला पुढे त्याची गरज लागणार आहे.

जावे म्हणणाऱ्यांनी पॅरिसचा दाखला दिला. आजकाल पुस्तकांच्या दुकानाचा विषय निघाला की ‘शेक्सपिअर आणि कंपनी’ हे नाव येतेच. सिल्व्हिया बीच या अमेरिकन बाईंनी १९१९ च्या नोव्हेंबरात ते दुकान काढले. १९२१ मध्ये त्या ते ओदेओन रस्त्यावर घेऊन गेल्या आणि जेम्स जॉइस, हेमिंग्वे यांच्यासारखे लेखक तेथे येत-जात असत. हे सारे सत्य आहे. परंतु त्या दुकानात बसून जॉइसने ‘युलिसिस’ लिहिली, असे कोणी समजत असेल तर तो भ्रम होय. कादंबरीच्या शेवटी, आमच्या श्रीधरांप्रमाणेच, जॉइसने स्थलकालाची नोंद केली आहे: तीत त्रिएस्त, झुरिच व पॅरिस ही तीन शहरे आणि १९१४ ते १९२१ ही साले आहेत. दुकानाचा तीत उल्लेख नाही. बीचबाईंनी जॉइसला जे दिले ते मेज नव्हे. इंग्लंड-अमेरिकेत अश्लीलतेच्या आरोपाच्या भयाने जे पुस्तक कोणी छापीना, ते त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर, आगाऊ ग्राहक नोंदवून, दिजाँच्या मुद्रकाकडून छापवून घेतले. २ फेब्रुवारी १९२२ रोजी, जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी, त्याच्या पहिल्या प्रती त्यांनी हाती घेतल्या. पहिली आवृत्ती १००० प्रतींची होती. मुद्रिते तपासता तपासता जॉइस समासात नवा मजकूर भरी. छापखान्याचा खर्च वाढे. आणि बाई तो सोसत. त्याखेरीज त्यांचे दुकान हे वर्गणीचे वाचनालयही होते. ज्यांच्या खिशात पुस्तक विकत घेण्यास पैसे नसत, ते लेखक तेथून पुस्तके घरी नेऊन वाचीत.

ते दुकान १९४१ साली जर्मन अंमलाखाली बंद पडले. आज पॅरिसला जाणारे प्रवासी जे पाहून येतात ते दुसरे. जॉर्ज व्हिटमन यांनी ते १९५१ मध्ये निराळ्या नावाने काढले व १९६४ मध्ये त्यास जुन्या दुकानाचे नाव दिले. या दुसऱ्या दुकानात मात्र लेखकांस खरोखरच बैठक होती. बैठकच काय, पुस्तकांच्या कपाटांमध्ये शेजही होती. हजारो तरुण तेथे राहून गेले. पण अटी कोणत्या? रोज एक पुस्तक वाचावे, दुकानात थोडा वेळ काम करावे, आणि स्वतःविषयी एक पान लिहून द्यावे. वाचन आधी, सेवा आधी. लेखन एक पान. आमच्या अग्रशाळेतील सभेत पॅरिसचे नाव घेणाऱ्या कोणीही या अटी सांगितल्या नाहीत, हे आम्ही येथे नमूद करून ठेवतो.

असो. आम्ही त्या नव्या दुकानी तीन वेळा गेलो.

पहिल्या दिवशी दोन पाने लिहिली व घरी येऊन फाडली. दोष दुकानाचा नव्हता. उजेड उत्तम, पंखा नि:शब्द, लॅपटॉप आणणाऱ्यांसाठी प्रत्येक मेजापाशी विजेची सोय. स्वच्छतागृहदेखील स्वच्छ, जे आमच्या बाजारपेठेत दुर्मीळ आहे. परंतु काचेपलीकडून कोणी ओळखीचे गेले की आमची लेखणी आपोआप चिंतनमग्न होई. आपण लिहीत आहोत हे दिसावे म्हणून माणूस लिहू लागला की वाक्ये कशी नटतात, त्याचा प्रत्यय आम्हांस त्या दोन पानांत आला.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या मेजावर आमच्या मंडळातील एक लेखिका भेटल्या. त्या कथा लिहितात. आम्ही आमची काच व जिलेबीची उपमा त्यांना मोठ्या ऐटीत सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुम्हांला घरी खोली आहे. आमच्या घरी आतून कडी लागेल असे एकच दार आहे, ते न्हाणीघराचे. येथे दोन तास मला कोणी चहा मागत नाही.” यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. बेळगावच्या इंदिरा संत नोकरी व संसार सांभाळून कविता लिहीत राहिल्या, शिरोड्यास १९२० ते १९३८ शिक्षकी करता करता खांडेकर कादंबऱ्या लिहून गेले, असे दाखले देऊन घरच्या लेखनाची थोरवी गाणे सोपे असते. ज्यांचे लेखन घरी झालेच नाही, त्यांचे दाखले कोठून आणावयाचे? त्या बाईंच्या दोन तासांपुढे आमचा मेजाला असलेला विरोध टिकत नाही. तो आम्ही मागे घेतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही लिहिण्याचा नाद सोडून दुकान पाहिले. हे खरे तर पहिल्याच दिवशी करावयास हवे होते. दर्शनी मांडण्या इंग्रजी पुस्तकांच्या. त्यांत कादंबऱ्या, पाककृती, श्रीमंत होण्याचे मार्ग. मधल्या मांडण्या मुलांच्या, त्याही इंग्रजी. मराठी कोठे, असे विचारता गल्ल्यावरच्या मुलाने मागे बोट दाखविले. माळ्यावर जाणाऱ्या जिन्याखाली, जेथे घरोघरी केरसुणी व जुन्या चपला ठेवतात, तेथे एक उतरता खण आहे. त्यात मराठी आणि कोंकणी पुस्तके एकत्र कोंबलेली आहेत. मराठी-कोंकणीचा वाद मिटविण्यासाठी थोरामोठ्यांनी आजवर पुष्कळ प्रयत्न केले. तो जिन्याखाली असा सुटलेला पाहून आम्हांस हसावे की रडावे ते कळेना. खालचे नाव वाचण्यासाठी गुडघे टेकावे लागतात. आम्ही टेकले. मोजून एकोणचाळीस पुस्तके होती. आमच्या मंडळातील एकाही लेखकाचे त्यांत नव्हते.

आम्ही गुडघ्यांवर असतानाच एक वृद्ध बाई आत आल्या. देवळाकडून थेट आल्या असाव्यात. हातात प्रसादाची पुडी होती. त्यांनी मुलाला विचारले, “पुता, व्हडल्या अक्षरांचें शिवलीलामृत आसा?” मुलाने यंत्रावर पाहिले व म्हणाला, “ना गे मांय.” बाईंनी क्षणभर चोहोंकडे नजर फिरविली. एवढ्या पुस्तकांत ते एक नसावे हे त्यांना खरे वाटले नसावे. मग त्या गेल्या. काचेलगतच्या चारही मेजांवर त्या वेळी लेखक लिहीत होते. एकानेही मान वर केली नाही. कशी करणार? तल्लीनता म्हणतात ती हीच.

आमची मुख्य तक्रार येथे आहे, आणि ती दुकानदारांपेक्षा आमच्या लेखकबंधूंविषयी अधिक आहे. दुकानदारांना आम्ही विचारले. ते सौजन्याने म्हणाले, “मराठी-कोंकणी कोणी घेत नाही; चार महिन्यांत सात प्रती गेल्या.” “या मेजांवर बसणारे घेत नाहीत काय?” असे विचारता ते नुसते हसले. त्या हसण्याचा अर्थ आम्ही समजलो, कारण तीन दिवसांत आम्हीही कॉफीवाचून काही घेतले नव्हते. लेखकाला दर्शनी जागा, त्याच्या भाषेला जिन्याखालची, आणि त्याबद्दल लेखकाची काहीच हरकत नाही, ही स्थिती आम्हांस लाजिरवाणी वाटते. काचेतला लेखक हा त्या दुकानाचा शृंगार आहे. त्याचे पुस्तक हा माल आहे. शृंगार होण्यास आम्ही उत्सुक, माल होण्याविषयी उदासीन, असे जर असेल तर दुकानदाराने आम्हांस पुढे आणि आमच्या पुस्तकांस मागे ठेवले यात त्याचा हिशेब काय चुकला?

पुस्तकांच्या दुकानाने लेखकासाठी काय करावे याचे उदाहरण शोधण्यास पॅरिसला जाण्याचे कारणही नव्हते. मुंबईत टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली स्ट्रँड सिनेमागृहाच्या एका कोपऱ्यात दुकान मांडले. तरुणपणी एका दुकानात पुस्तके चाळताना त्यांचा अपमान झाला होता. आपल्या दुकानात कोणालाही, न घेता, हवे तेवढे चाळता यावे, हा त्यांचा निश्चय त्यातून झाला. तेथे लेखकांसाठी मेज मांडलेले आमच्या तरी पाहण्यात नव्हते. माणसे उभ्याने वाचीत आणि सवलतीच्या किमतीत पुस्तके घेऊन जात. तीही पेढी २०१८ मध्ये बंद झाली. तेव्हा हळहळणाऱ्यांत आम्हीही होतो, आणि तेथून शेवटचे पुस्तक आपण केव्हा विकत घेतले, हे आठवताना आम्हांस बराच वेळ लागला होता.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. मंडळींनी त्या दुकानी अवश्य बसावे. ज्यांना घरी जागा नाही त्यांनी आधी बसावे, व ज्यांना आहे त्यांनी मेज अडवू नये. बसण्यापूर्वी मात्र आपल्या भाषांचा खण जिन्याखालून काढून काचेलगत आणण्याची विनंती सर्वांनी मिळून दुकानदारांस करावी. त्यासाठी चारांपैकी एक मेज उचलावे लागेल, तर ते उचलू द्यावे. आणि महिन्याकाठी प्रत्येकाने त्या खणातील एक पुस्तक विकत घ्यावे. मंडळात सतरा जण आहेत. सात प्रतींचा हिशेब पहिल्याच महिन्यात जुना होईल.

विनंतीपत्राचा मसुदा आम्ही केला आहे. त्यावर आतापर्यंत नऊ सह्या झाल्या. काहींना ‘एक मेज उचलू द्यावे’ हे वाक्य अनावश्यक वाटते.

दरम्यान, चौथ्यांदा जाऊन आम्ही मोठ्या अक्षरांच्या शिवलीलामृताच्या दोन प्रतींची मागणी नोंदविली. एक आमच्या घरासाठी, एक त्या बाईंसाठी. मुलाने मागणीवही काढली व ग्राहकाचे नाव विचारले. आमचे सांगितले. दुसऱ्या प्रतीचे नाव आम्हांलाही ठाऊक नव्हते, त्यालाही नव्हते. थोडा विचार करून त्याने वहीत लिहिले: ‘मांय, सोमवारी देवळाकडून येतात.’